बॉक्स हलवा, पण जोड पुरू नका

प्रश्न: आमचा डोंबिवली पूर्वेला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत साधारण ३० वर्षांची. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून ओपन किचन करायचं ठरलंय आणि एमसीबीचा (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) बॉक्स नेमका त्याच भिंतीवर आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, बॉक्स दहा फुटांवर पॅसेजच्या भिंतीत नेऊ. वायरी तोकड्या पडतील तिथे जॉइंट मारून टेप लावू, वरून प्लास्टर झालं की दिसणारही नाही. इंटिरियरवाल्याला बॉक्स नजरेसमोर नकोय, तो म्हणतो चपलांच्या कपाटात घाला. सासरे म्हणतात, त्यापेक्षा बाहेर लॉबीतच लावा. नवऱ्याच्या मते हे एका रविवारचं काम आहे, घरीच करू. पावसाळ्यात ईएलसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) सारखा पडायचा म्हणून मागच्या वर्षी एकाने तो डायरेक्ट करून दिला, म्हणजे तो वगळून वायरी सरळ जोडल्या, तेव्हापासून त्रास नाही. घरात इन्व्हर्टर, दोन एसी आणि ३ किलोवॅटचा गिझर आहे. नक्की काय करावं? महावितरणला कळवावं लागेल का? खर्चाचा अंदाज कसा घ्यायचा?
— एक वाचक, डोंबिवली

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘तेव्हापासून त्रास नाही.’ त्याकडे येतोच. आधी जॉइंटचं बघू, कारण भिंत फोडायला माणसं कधीही येऊन उभी राहतील.

बॉक्स दहा फूट सरकवण्यात वावगं काही नाही. वायर लांबली म्हणून करंट कमी पडेल, ही भीती मनातून काढून टाका. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीन मीटर वाढली, म्हणजे फेज आणि न्यूट्रल मिळून सहा मीटर, तर तिचा रोध सुमारे ०.०४५ ओहम भरतो. तुमचा ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर ओढतो. म्हणजे २३० व्होल्टपैकी अर्धा-पाऊण व्होल्ट वाटेत जाईल. गिझरला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता तोच हिशोब जोडाचा करा. पिळून टेप मारलेला जॉइंट पहिल्या दिवशी ठीक असतो. मग गिझर रोज तापतो, बंद होतो; तांबं प्रसरण पावतं, आकुंचतं; पीळ कणाकणाने सैल होतो, मध्ये हवा शिरते, तांब्यावर काळपट थर धरतो, टेपचा गोंद वाळून सुटतो. अशा जोडाचा रोध ०.१ ओहमवर गेला, तर १३ अँपिअरला तिथे जवळपास १७ वॅट उष्णता तयार होते. वाढवलेल्या वायरीतही साडेसात वॅट उष्णता होतेच, पण ती सहा मीटरभर पसरलेली असते. इथले १७ वॅट बोटाच्या पेरभर जागेत, प्लास्टरखाली, हवा न लागता साठतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, यावरून अंदाज बांधा. घरगुती वायरीचं पीव्हीसी आवरण मुळात ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं.

आणि एमसीबी? तो पडणार नाही. एमसीबी फक्त करंट किती जातो ते बघतो आणि करंट तर गिझरचाच, नेहमीचाच आहे. ईएलसीबीही पडणार नाही, कारण जमिनीकडे काही गळत नाहीये. खराब जोड कुठल्याच स्विचला दिसत नाही, तो माणसानेच उघडून बघावा लागतो. म्हणून जोड असा हवा की झाकण काढून हात लावता येईल. ‘प्लास्टर झालं की दिसणारही नाही’ हे तुमच्या इलेक्ट्रिशियनने फायदा म्हणून सांगितलं. मी ते काम नाकारायचं कारण म्हणून वाचलं.

भिंत शाबूत राहणार असती, तर उत्तर सोपं होतं. जुन्या बॉक्सची जागा तशीच ठेवायची, आतले एमसीबी काढून टर्मिनल पट्ट्या बसवायच्या, वर साधं झाकण लावायचं आणि तिथून नव्या बॉक्सकडे नव्या वायरी न्यायच्या. जुना बॉक्स जंक्शन बॉक्स म्हणून राहिला असता. पण तुमची भिंतच जाणार. तुमच्या काळच्या बहुतेक इमारतींत पाइप स्लॅबमधून येऊन भिंतीतून खाली बॉक्सकडे उतरतात. भिंत पडली की छतातून पाइपांची तोंडं आणि वायरींचा झुपका लोंबकळत राहील. म्हणून काम तिथूनच, छतापासून सुरू करायचं.

माझा पहिला आग्रह असा, की जोड मारूच नका. आपल्याकडे वायरी पाइपातून ओढलेल्या असतात, थेट प्लास्टरमध्ये गाडलेल्या नसतात, ही मोठी सोय आहे. छताशी पाइपाचं तोंड मिळालं की तिथून पॅसेजच्या भिंतीपर्यंत नवा पाइप जोडायचा, जुन्या वायरीला नवी बांधून ती स्विचबोर्डापासून नव्या बॉक्सपर्यंत अखंड ओढून घ्यायची. ३० वर्षांच्या वायरी तशाही बदलायला आल्या आहेत. आत्ता घर उघडंच आहे. नंतर रंग झाल्यावर हे काम कोणी काढणार नाही. निदान गिझर, दोन्ही एसी, फ्रिज आणि स्वयंपाकघरातले १६ अँपिअरचे पॉइंट यांच्या वायरी तरी मधे कुठेही न जोडता एकसंध ओढून घ्या. या पाच-सहा लाइनींवर तडजोड नको.

सगळ्या वायरी निघतीलच असं नाही. जुन्या पाइपात सिमेंटचं पाणी शिरलेलं असतं, कुठे बेंड दबलेला असतो, कुठे कोणीतरी मागे चार वायरी जास्तीच्या कोंबलेल्या असतात. स्प्रिंग टाकून, पावडर लावूनही वायर हलेना तर जबरदस्तीने ओढू नका. आवरण सोललं जाईल आणि कळणारही नाही. दिवे-पंख्यांची अशी एखादी हट्टी लाइन राहिलीच, तर तिथे जोड चालेल, पण तो छताशी बसवलेल्या जंक्शन बॉक्समध्ये. फॉल्स सीलिंग करणार असाल तर त्याच्या बरोबर खाली उघडणारं झाकण ठेवायला सांगा. सीलिंगवाले याला ट्रॅप डोअर म्हणतात आणि ते ठेवायला हमखास कुरकुरतात. ऐकू नका.

जोड कसा हवा तेही सांगतो. आजच्या घरगुती वायरी बहुतारी असतात. त्यांची टोकं नुसती स्क्रूखाली दाबली की काही तारा तुटतात, काही बाजूला पसरतात. म्हणून आधी टोकाला पिन लग, म्हणजे तारा एकत्र धरणारी धातूची टोपी, दाबून बसवायचा, मग टर्मिनलमध्ये कसायचा. किंवा वायरीच्या जाडीला आणि करंटला योग्य असा लिव्हरचा कनेक्टर वापरायचा. लग दाबायचा तो क्रिम्पिंग टूलने, पक्कडीने नाही. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही वाढवायचे. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण बॉक्स हलवताना दोन वायरी वाढवून अर्थिंग जुन्या जागीच तोडून ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत. फेज किंवा न्यूट्रल सुटला तर दिवा लागत नाही, तक्रार येते. अर्थिंग सुटलं तर सगळं व्यवस्थित चालू राहतं, आणि कळतं ते गिझरच्या नळाला हात लावल्यावर.

एक तपासणी भिंत फोडण्याआधी करून घ्या. जुन्या वायरीचं टोक पांढरट दिसलं तर चाकूने खरवडून बघा. आत तांबूस निघालं तर तांब्यावर कथिलाचा मुलामा आहे. खरवडूनही पांढरंच राहिलं तर ती ॲल्युमिनियमची वायर. तुमच्या इमारतीच्या वयाला ती शक्यता थोडी, पण जुना माल वापरणारे बिल्डर तेव्हाही होते. ॲल्युमिनियमला तांबं पिळून जोडलं की ओलाव्याने तो जोड गंजतो आणि दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकून सैल पडतो. तसं निघालं तर वाढवण्याचा विचारच सोडा, घराचं वायरिंग नव्याने करा.

आता ‘डायरेक्ट’ केलेल्या ईएलसीबीबद्दल. पावसाळ्यात तो पडत होता, कारण कुठेतरी करंट गळत होता. त्याला डायरेक्ट केल्याने गळती थांबली नाही, फक्त सांगणारा गप्प झाला. ३० मिलिअँपिअरचा हा स्विच माणसाला शॉक बसल्यावर त्याला वाचवण्यासाठी असतो. एमसीबी ते काम करत नाही, १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट जाणवतही नाही. नव्या बॉक्समध्ये तो नवा बसवा. दुकानात आरसीसीबी म्हणून मागा, ३० मिलिअँपिअरचा, आणि मीटरवरून येणाऱ्या लाइनच्या मानाने ४० किंवा ६३ अँपिअरचा. माझ्या मते तुमच्या घराला दोन हवेत: गिझर, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघर एकावर आणि बाकी घर दुसऱ्यावर. म्हणजे ओल्या भागात काही झालं तरी रात्री सगळं घर अंधारात जाणार नाही.

दोन आरसीसीबी घेतले की मात्र न्यूट्रलची शिस्त पाळावीच लागते. ज्या लाइनचा फेज ज्या आरसीसीबीतून जातो, तिचा न्यूट्रलही त्याच्याच न्यूट्रल पट्टीवर यायला हवा. बॉक्स हलवताना सगळे काळे न्यूट्रल एका पट्टीवर कोंबले, की पहिला पंखा लावताच आरसीसीबी पडतो. मग इलेक्ट्रिशियन म्हणतो ‘पीसच खराब आहे’ आणि पुन्हा डायरेक्ट. इन्व्हर्टरचंही तेच. इन्व्हर्टरवरच्या पॉइंटचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये भलतीकडे मिसळला असेल, तर आरसीसीबी टिकतच नाही. तुमच्याकडचा तो पावसाळ्यात पडायचा त्यामागे एसीचं बाहेरचं युनिट किंवा गिझरचं एलिमेंट असू शकतं, ओली झालेली भिंतही असू शकते. शोधताना एक लक्षात ठेवा: साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे भिंतीला टेकला असेल, तर सगळे एमसीबी खाली पाडूनही आरसीसीबी पडू शकतो, आणि लोक चक्रावतात. म्हणून जुन्या बॉक्समधून वायरी सोडवण्याआधी प्रत्येक लाइनच्या फेजवर आणि तिच्याच न्यूट्रलवर एकच नंबर चिकटवायला सांगा. दोन तासांचं कंटाळवाणं काम आहे. ते न करणाऱ्याला पुढचं काम देऊ नका.

एमसीबी किती अँपिअरचा, हे वायरीवरून ठरतं, उपकरणावरून नाही. आणि लाइनमधली सगळ्यात बारीक वायर मोजायची. वाढवलेला तुकडा ४ चौरस मिलिमीटरचा घातला पण पुढे भिंतीत जुनी २.५ चीच असेल, तर एमसीबी २.५ च्या मापाचा, म्हणजे १६ किंवा फार तर २० चा. पडतो म्हणून ३२ चा टाकू, असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. नवा बॉक्स घेताना आत्ता लागतात त्यापेक्षा चार जागा जास्तीच्या घ्या. इंडक्शन, डिशवॉशर, काय काय येईल. रिकाम्या जागांवर पट्ट्या लावून घ्या, तिथे बोट जायला नको.

जागेचं सांगायचं तर पॅसेजची भिंत चांगली आहे, एक बघून घ्या: तिच्या मागे बाथरूम नको. असेल तर दुसरी भिंत शोधा. चार इंची भिंतीत बॉक्स खोबणीत बसवला तर मागे प्लास्टरच उरतं, तिथे वरून बसवायचा बॉक्स बरा. पाइपासाठी भिंतीत झिरी मारताना कॉलम-बीमला हात लावायचा नाही. बॉक्स जमिनीपासून २ मीटरच्या वर नको. तुमच्या घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाचा हात स्टूल न घेता पोचला पाहिजे. सिंक आणि गॅसच्या वर बॉक्स लावू नये, हे आपल्या मानकांत पूर्वीपासून आहे. ओपन किचनच्या नव्या आराखड्यात तुमचा गॅस कुठे सरकतोय, तेही त्यामुळे एकदा पाहून घ्या.

चपलांच्या कपाटाला माझा साफ नकार. प्लायवूड, पॉलिश, आत कोंबलेल्या पिशव्या, छत्रीचं पाणी, आणि दार उघडायचं तर आधी खालच्या चपला बाजूला करायच्या. इंटिरियरवाल्याला सांगा, भिंतीच्या रंगाचं दार असलेला पत्र्याचा बॉक्स मिळतो, तेवढ्यावर भागव. सासऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही: मीटरजवळ एक डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, एमसीबी असलाच पाहिजे, म्हणजे घरात येणारी मेन वायर तिथून बंद करता येते. पण घराचा अख्खा बॉक्स लॉबीत नको. ती जागा सोसायटीची, येण्याजाण्याची; शिवाय कोणीही येता-जाता तुमचा फ्रिज बंद करू शकेल.

मेन वायर, म्हणजे मीटरकडून तुमच्या बॉक्सपर्यंत येणारी, ती वाढवायची नाहीच. नवीन, एकसंध, १० चौरस मिलिमीटरची घ्या. सगळ्या घराचा करंट तिच्यातून जातो.

महावितरणचं म्हणाल, तर घरातल्या घरात बॉक्स हलवायला त्यांची परवानगी लागत नाही. मीटर आणि त्याचं सील याला मात्र तुमच्या किंवा इलेक्ट्रिशियनच्या हाताचा स्पर्श नको. मीटर हलवायचा असेल तर अर्ज करून त्यांच्याकडूनच. सीलशी छेडछाड हा २००३ च्या वीज कायद्यात गुन्हा आहे. या निमित्ताने बिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. तो दोन एसी येण्याआधीचाच असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज करून टाका. भिंतीबद्दल सोसायटीचं पत्र आणि ती भार पेलणारी नाही हे इंजिनियरकडून लेखी घेतलंच असेल, असं गृहीत धरतो.

तुमच्या यजमानांचा उत्साह मोडावासा वाटत नाही, पण रविवार त्यांनी दुसऱ्या कशाला तरी द्यावा. दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलणं वेगळं. वायरिंगमध्ये भर किंवा बदल करण्याचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं असतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत तसं आहे. आणि त्यांना एक धोका कोणी सांगितला नसणार: मेन स्विच पाडला तरी बॉक्सच्या वरच्या टोकाला मीटरकडून येणारा करंट असतोच, आणि इन्व्हर्टर चालू असेल तर लाइट जाताच तो उलट बाजूने घराच्या अर्ध्या वायरींत वीज सोडतो. कामाच्या दिवशी मीटरजवळचा मेन बंद, इन्व्हर्टर बंद आणि त्याची बाहेर जाणारी वायर सोडवलेली, मगच बॉक्स उघडायचा. यजमानांनी उभं राहून एवढं बघितलं तरी मोठी मदत होईल.

खर्चाचा आकडा मी देत नाही; तांब्याचे भाव हलतात तसे वायरीचे दर हलतात. दोघा-तिघांकडून लेखी अंदाज घ्या, पण प्रत्येकाला एकच कागद द्या, नाहीतर तुलना करता येत नाही. त्यावर लिहा: कुठल्या लाइनी अखंड ओढायच्या, वायरीचं माप आणि कंपनी, आरसीसीबी दोन, बॉक्स किती जागांचा, जंक्शन बॉक्स कुठे. वायर ९० मीटरच्या बंडलात येते, तेव्हा बंडलं तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि उरलेली वायर तुमची, हेही कागदावर येऊ द्या. सगळ्यात कमी आकडा बहुधा टेप लावणाऱ्याचाच येईल.

काम संपल्यावर प्लास्टर लगेच नाही. आधी मेगरने, म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी: सगळी उपकरणं सोडवून ५०० व्होल्टवर प्रत्येक लाइनचा फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजायचा. १ मेगाओहमच्या खाली काही आलं तर ती लाइन पुन्हा शोधायची. तुमची पावसाळ्यातली गळती इथेच हाती लागण्याची शक्यता जास्त आहे, मात्र गिझर आणि एसी वेगळे तपासा. आकडे ठेकेदाराच्या सहीने लिहून घ्या. आरसीसीबीचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून तो पडतो का बघा, आणि पुढे दर काही महिन्यांनी दाबत जा. उघड्या झिऱ्यांचे आणि छतातल्या पाइपांचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवा. पुढच्या वर्षी पडदे लावायला कोणी ड्रिल घेऊन आला की लागतील. मग गवंड्याला बोलवा.